मोरिनी का स्टायर? आमच्या घरातला सहा महिन्यांचा घोळ

मोरिनी आणि स्टायर ह्या नेमबाजीची एअर पिस्तुलं बनवणाऱ्या दोन कंपन्या, आणि त्यातलं कुठलं घ्यायचं हाच तो घोळ. पण आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण मागे शूटिंग रेंजवरचा फोटो स्टेटसला टाकला तेव्हा सोसायटीतल्या एका काकांनी मला पार्किंगमध्ये गाठून हळूच विचारलं होतं, लायसन्स काढलंय ना. काका, हे एअर पिस्तूल आहे. हवेच्या दाबावर चालतं, ४.५ मिमीचा शिशाचा छर्रा, दहा मीटरवर कागद, बास. आपल्याकडे २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे बोअर ४.५ मिमीच्या वर नसेल आणि ताकद २० जूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, आणि मॅचचं पिस्तूल पाच-सहा जूलच्या आसपासच असतं. म्हणजे काकांच्या मनात जे होतं त्यातलं काही नाही, पण किंमत ऐकली तर काका परत पार्किंगमध्ये गाठतील म्हणून ती त्यांना सांगितलेली नाही.

तर. चार वर्षांपूर्वी पोराला उन्हाळी शिबिराला रेंजवर सोडायला जायचे, दीड तास बाहेर बाकावर बसून काय करायचं म्हणून तिथले कोच, म्हणजे आमचे सर, म्हणाले मॅडम तुम्ही पण धरून बघा. पोरगा तिसऱ्या आठवड्यात फुटबॉलला पळाला आणि मी अजून तिथेच आहे. वय तेव्हा एकोणचाळीस होतं, आता चाळिशी लागलीय, वयाची पण आणि डोळ्यांवरची पण.

इतकी वर्षं क्लबच्या पिस्तुलावर चाललं होतं. क्लबचं पिस्तूल म्हणजे सार्वजनिक नळ, सकाळी कॉलेजचा सहा फुटी मुलगा वापरणार, दुपारी मी. मला बांगड्या सव्वादोनच्या लागतात आणि ती ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ, बहुतेक कुठल्यातरी पैलवानाच्या हाताचा ठसा घेऊन बनवलेली. तळहात आणि लाकडाच्या मधे एवढी पोकळी राहायची की पेन्सिल आरपार जाईल. तरी स्कोअर ५३०-५४० पर्यंत सरकला, साठ शॉट, सव्वा तास, सहाशेपैकी. त्याच्या पुढे हलेना. आणि मग एका मॅचला इक्विपमेंट चेकमध्ये माझा पोपट झाला. ट्रिगर कमीत कमी पाचशे ग्रॅमचा लागतो, ते कसं तपासतात तर ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन अडकवायचं, नळी वर करून पिस्तूल हळूच उचलायचं, वजन उचललं गेलं पाहिजे आणि ट्रिगर सुटता कामा नये. माझा सुटला. दोनदा. कारण आदल्या दिवशी मीच शहाणपणा करून त्याचा स्क्रू थोडासा सैल केला होता, मला हलका बरा वाटत होता म्हणून. तिथेच टेबलावर सगळ्यांसमोर स्क्रू पिळत बसले, तिसऱ्यांदा पास झाले, पण मॅच कशी गेली ते विचारू नका. घरी येताना रिक्षातच ठरवलं, आता स्वतःचं घ्यायचं.

इथून घोळ सुरू.

आमच्या रेंजवर दोन पार्ट्या आहेत. मोरिनीवाले आणि स्टायरवाले. वॉल्थर, पार्दिनी वगैरे पण आहेत पण ते अपक्ष. मोरिनी स्वित्झर्लंडचं, स्टायर ऑस्ट्रियाचं, दोन्ही जगातले मोठमोठे खेळाडू वापरतात, दोन्ही साधारण किलोभर वजनाची, दोन्हीला खाली दोनशे बार दाबाचा हवेचा सिलिंडर, आणि दोन्ही पिस्तुलं व्हाइसमध्ये (शेगड्यात) आवळून मारली तर एकाच भोकातून पेलेट, म्हणजे छर्रे, घालतात. दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, साधारण शर्टच्या बटणाएवढं, आणि दोन्हीचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, त्याच्यात आरामात मावतो. म्हणजे पिस्तुलाच्या अचूकपणावर भांडायला काही जागाच नाही. तरी भांडतात. बाईकवाल्यांसारखं आहे, घेतलेलीच बेस्ट.

मोरिनी पार्टी आमच्याकडे बहुमतात आहे आणि २०२४ च्या पॅरिसनंतर तर विचारूच नका. मनू भाकरने दोन ब्राँझ आणली, एक एकटीचं आणि एक सरबजोत सिंगबरोबर मिक्स्डमध्ये, आणि पिस्तूल मोरिनी. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं की तिचं पिस्तूल एक कोटीचं आहे. माझ्या नणदेने मला ते फॉरवर्ड करून खाली लिहिलं, वहिनी तुमचं पण एवढंच का? शेवटी मनूलाच सांगावं लागलं की एक कोटी वगैरे काही नाही, दीड लाख ते एक लाख पंच्याऐंशी हजारांच्या आसपास असतं आणि तेही एकदाच घ्यायचं असतं. हे वाक्य मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, "म्हणजे आता दीड लाख स्वस्त वाटायला लागले, वा."

स्टायर पार्टीचा मुद्दा टोकियोचा. २०२१ ला ऑलिंपिकमध्ये ह्याच मनूचं पिस्तूल भर मॅचमध्ये बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, ती ५७५ मारून बारावी आली आणि दोन पॉइंटने फायनल हुकली. बघा, इलेक्ट्रॉनिक म्हटलं की असं होतं, असं स्टायरवाले म्हणतात. मला हा मुद्दा तेव्हाही पटला नव्हता. तीच मुलगी तीन वर्षांनी त्याच कंपनीचं पिस्तूल घेऊन दोन मेडल आणते, मग ह्यातून काय सिद्ध झालं? मशीन आहे, कधीतरी अडणारच, आमच्या बँकेत तर लिंक महिन्यातून दोनदा जाते.

पण इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हा खरा फरक आहे, तो नीट सांगते कारण दुकानदार पण सांगत नाहीत. आमच्याकडे जिकडेतिकडे दिसतं ते मोरिनी सीएम १६२ ईआय, त्यात ट्रिगर म्हणजे खरंतर स्विच. बोट दाबतं, सर्किट सोलेनॉइडला, म्हणजे एका छोट्या विजेच्या चुंबकाला, सिग्नल देतं, सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडायला लावतो, पेलेट जाते. आत दोन लोखंडी तुकडे एकमेकांवरून घसरणं वगैरे प्रकार नाही. म्हणून तो माऊसच्या क्लिकसारखा सुटतो, पहिल्या शॉटला जसा तसाच साठाव्याला. स्टायरचं मी बघितलं ते मेकॅनिकल. त्यात आधी बोट थोडं मोकळं सरकतं, मग एक भिंत लागते, त्या भिंतीवर वजन टाकत गेलं की ती तुटते. (स्टायर इलेक्ट्रॉनिक पण बनवतं आणि मोरिनी मेकॅनिकल पण बनवतं, हे मला नंतर कळलं, पण हातात घेऊन बघायला मिळालं नाही तर त्याचा काय उपयोग.)

दुसरा फरक स्टायरच्या पोटात आहे. त्यात एक छोटं वजन असतं, शॉट सुटला की ते मागे सरकतं आणि झटका खाऊन टाकतं. अ‍ॅब्सॉर्बर म्हणतात. एअर पिस्तुलाला झटका तो कितीसा असणार, पण फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची पट्टी, किंचित उडी मारते, आणि ह्याच्यात ती जवळजवळ मारतच नाही. तुम्ही मारलं आणि समोरचं चित्र तसंच राहिलं, असं वाटतं. पहिल्यांदा मला वाटलं पेलेट टाकायलाच विसरले.

मी बँकवाली. मी एक्सेल शीट केलं. किंमत, वजन, ट्रिगर, ग्रिपचे साइज, पार्ट कोण देतो, दुरुस्ती कुठे होते, रेंजवर कोणाकडे तेच पिस्तूल आहे म्हणजे अडीनडीला सिलिंडर उसना मिळेल, असे सतरा कॉलम, प्रत्येकाला दहापैकी मार्क. बेरीज केली तर मोरिनी १२८, स्टायर १२७. एक मार्क! मग मी एका कॉलमचा मार्क बदलला आणि स्टायर पुढे गेलं, आणि तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली कारण तो मार्क मी का बदलला ते मला बरोबर माहीत होतं.

शीट प्रिंट काढून सरांना दाखवलं. सर कोल्हापूरकडचे, आर्मीत होते, कागदाकडे चष्मा कपाळावर ढकलून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, म्हस घेताना शिंगं मोजत न्हाईत, धार काढून बघत्यात. आन् धार आपल्या हातानं काढायची, गवळ्याच्या न्हाई."

मग त्यांनीच व्यवस्था लावली. मोरिनी एका अकरावीतल्या मुलाचं, स्टायर एका डॉक्टर बाईंचं, त्यांचा हात पण माझ्यासारखाच लहान. तीन रविवार, दर रविवारी दोन्हीवर दोन-दोन सिरीज (एक सिरीज म्हणजे दहा शॉट), आणि शॉट कुठे लागला ते दाखवणारा मॉनिटर बंद. स्कोअर सर लिहिणार, मला शेवटपर्यंत सांगणार नाहीत. आणि त्याच्या आधी एक वेगळीच परीक्षा. डोळे मिटून पिस्तूल खाली टेबलावर टेकवायचं, दोन श्वास घ्यायचे, डोळे मिटूनच हात वर आणायचा जिथे तुम्हाला टार्गेट वाटतं तिथे, आणि मग डोळे उघडायचे.

मोरिनी उचललं, डोळे उघडले, तर फोरसाइट मागच्या बॅकसाइटच्या खाचेत डाव्या भिंतीला चिकटलेली आणि वर डोकं काढून. परत केलं, परत तसंच. पाच वेळा केलं, पाचही वेळा. म्हणजे माझं मनगट त्या ग्रिपमध्ये गेलं की आपोआप त्या दिशेला वळतं आणि मग मला दर शॉटला त्याला समजावून परत आणावं लागणार. स्टायरला तीन वेळा जवळजवळ मधोमध, दोन वेळा थोडी खाली. आता हे काही पिस्तुलाचं पाप नाही, ग्रिप घासून, भरून, फिरवून बरंच सुधारता येतं, शिवाय दोन्ही ग्रिप परक्या हाताला घडवलेल्या होत्या. गंमत म्हणजे मोरिनीच्या ग्रिपांचं एवढं नाव आहे की दुसऱ्या कंपन्यांच्या पिस्तुलावर पण लोक त्या लावतात. पण माझ्या हाताने त्या दिवशी जे सांगितलं ते सांगितलं.

नंतर मारायला सुरुवात केली. पहिल्या रविवारी मला मोरिनीच आवडलं, हे कबूल करते. काय तो ट्रिगर! स्वच्छ. विचार केला की सुटला. आणि हीच गोष्ट दुसऱ्या रविवारी टोचायला लागली, विचार केला की सुटतो, पण माझा विचार अजून पूर्ण झालेला नसतो. हात स्थिर व्हायची वाट बघत मी बोटाने थोडं थोडं चाचपत असते आणि तेवढ्यात टिक्. शॉट वाईट नसायचा, नऊ यायचा, दहा पण यायचा, पण तो मी मारला असं वाटायचं नाही, माझ्या हातून झाला असं वाटायचं.

ह्याचं कारण मला घरी भाजी निवडताना सुचलं. मी नोकरीला लागले तेव्हा पहिली सहा वर्षं कॅश काउंटरला होते. तेव्हा आमच्या ब्रँचला नोटा मोजायचं मशीन एकच आणि ते रुसलेलं, सगळं हातावर. ओल्या स्पंजला बोट लावायचं आणि गड्डी मोजायची, दिवसाला कितीतरी. त्यात एक वेळ अशी येते की तुम्ही नोटा बघत नाही, अंगठा बघतो. दोन नोटा चिकटून आल्या तर आकडा चुकायच्या आधी अंगठा थबकतो, जाडी लागते त्याला. माझं बोट असं जाडी शोधायला शिकलेलं बोट आहे. स्टायरच्या ट्रिगरमध्ये ती भिंत लागते ना, तिथे माझं बोट थबकतं, त्याला कळतं की आपण कुठे आहोत, आणि मग पुढचं वजन ते शांतपणे टाकतं. मोरिनीत पण पहिला टप्पा आहे, दुसरा आहे, सगळं सेट करता येतं, त्या मुलाने ते स्वतःसाठी मस्त सेट केलेलं आहे. पण मला तिथे जाडी लागत नाही.

त्या मुलाशी ह्याच्यावर बोलले तर तो म्हणाला, "काकू मला उलट होतं, स्टायरमध्ये ती भिंत लागली की मी घाबरतो, आता सुटेल, आता सुटेल असं होतं आणि मग मी जर्क मारतो." आणि अ‍ॅब्सॉर्बर पण त्याला नको आहे. म्हणतो मोरिनी थोडं उडी मारतं ते बरं आहे, सरळ वर जाऊन सरळ खाली आलं तर ग्रिप नीट होती, तिरकं गेलं तर कुठेतरी जास्त आवळलं, मला उडीतून कळतं. सोळा वर्षांचं पोर! मला हे कधी सुचलं नसतं. पण त्याचे डोळे सोळा वर्षांचे आहेत, त्याला ती उडी दिसते. मला फोरसाइट स्पष्ट दिसावी म्हणून वेगळी लेन्स लावून घ्यावी लागते, टार्गेट आपलं समोर काळं ढगासारखं, ते तसंच असायला पाहिजे, आणि एवढं करून शॉटनंतर चित्र हललं की माझा सगळा हिशोब जातो. स्टायरमध्ये चित्र जागेवर राहतं म्हणून मला शॉट कॉल करता येतो, मॉनिटर न बघता सांगता येतं की हा उजवीकडे नऊ गेला. तिसऱ्या रविवारी मी वीसपैकी चौदा बरोबर कॉल केले. मोरिनीवर नऊ.

मग सरांनी स्कोअरची वही उघडली. मोरिनीवर सहा सिरीजची सरासरी ९०.५, स्टायरवर ९०.२.

मी बघतच बसले. म्हणजे ज्याच्यावर मला परकं वाटत होतं त्याच्यावर स्कोअर केसभर जास्त. सर हसायला लागले. मी म्हटलं सर आता काय? ते म्हणाले पॉइंट तीन, हा काय फरक झाला व्हय, वाऱ्यानं पण पडतो. वारा इनडोअर रेंजवर कुठून येणार ते मी विचारलं नाही.

घरी तो आकडा सांगितला तर नवरा एकदम खूष, त्याला वाटलं मोरिनीच ठरलं, कारण बिचाऱ्याने एव्हाना ते नाव तरी पाठ केलं होतं. मी म्हटलं स्टायर घेणार. "अगं पण स्कोअर?" त्याच्या दृष्टीने स्कोअर जास्त ते घ्यायचं, ह्यात सहा महिने लागण्यासारखं काय आहे. मी त्याला नोटांचं सांगायला गेले, अंगठा, जाडी वगैरे, तो म्हणाला मला झोप आलीय. सासूबाईंनी मात्र एकच प्रश्न विचारला, की दोन्हीतलं शांत कुठलं आहे. शांत म्हणजे आवाजाने हो, कारण मी हॉलमध्ये भिंतीसमोर उभी राहून रिकामं पिस्तूल घेऊन ड्राय प्रॅक्टिस करते तेव्हा त्यांची सिरियल चालू असते. दोन्ही सारखीच म्हटल्यावर त्यांचा इंटरेस्ट संपला.

मधे सेकंडहँड पण बघितलं होतं, ते एका परिच्छेदात उरकते. एकाकडे चांगल्या किमतीत मिळत होतं, पिस्तूल झकास, पण सिलिंडरवरची तारीख बघितली तर नऊ वर्षं होऊन गेलेली. ह्या सिलिंडरांना बनवल्यापासून ठरावीक मुदत असते, बहुतेक वेळा दहा वर्षं, दोनशे बार दाब आहे, गॅसच्या सिलिंडरसारखंच, त्यात हयगय नको. जुनं घेणार असाल तर लाकूड, पॉलिश, पेटी ह्यांच्या आधी सिलिंडर फिरवून तारीख वाचा. आणि नवा सिलिंडर स्वस्त नसतो.

पिस्तूल यायला तीन महिने लागले. त्या काळाबद्दल मी काही लिहिणार नाही, डीलरचं नाव पण सांगणार नाही, फक्त एवढंच की "मॅडम, पुढच्या आठवड्यात" हे वाक्य आता मला कोणी कशाच्याही बाबतीत म्हटलं की घशात जळजळतं.

आलं तेव्हा पेटी उघडून पहिलं काय केलं असेल तर स्मॉल ग्रिपमध्ये हात घातला आणि ती पण मोठी निघाली! करंगळीच्या खाली आणि तळहाताच्या मधोमध पोकळी. डॉक्टर बाईंची ग्रिप मला बसली होती ती त्यांनी दोन वर्षं घासून-भरून केलेली होती, हे मी साफ विसरले होते. पाऊण तास पेटी मांडीवर घेऊन नुसती बसून होते. सरांना फोन केला, ते म्हणाले, "एम-सील हाय का घरात?"

होतं. बाथरूमच्या नळाला वापरून उरलेलं. दोन लाखांच्या घरातल्या पिस्तुलाच्या अक्रोडाच्या लाकडाला मी बाथरूमचं उरलेलं एम-सील लावलं. नवरा बघायला तयार नव्हता, आत निघून गेला. मळून, चपातीच्या कणकेएवढं मऊ करून, पोकळीत दाबलं, वर प्लॅस्टिकची पिशवी धरली आणि मॅचला धरतो तसं घट्ट धरून पाच मिनिटं उभी राहिले. सोडलं तर माझ्या हातावरच्या रेघा त्याच्यात उमटलेल्या. रात्रभर वाळू दिलं, सकाळी पॉलिश पेपर घेऊन बसले, थोडं घासायचं, धरायचं, डोळे मिटायचे, उघडायचे, परत थोडं घासायचं. चार दिवस ऑफिसातून आल्यावर हेच चाललं होतं. एकदा अंगठ्याखाली जास्त घासलं गेलं, परत एम-सील. आता ती ग्रिप दिसायला भयंकर आहे, तपकिरी लाकडावर राखाडी ठिगळं, नवीन गाडीला पहिल्याच दिवशी पोचा पडावा तशी.

गेल्या रविवारी अकरावीतल्या त्या मुलाने मागितलं, काकू दोन शॉट मारू का. दिलं. त्याने धरलं, बोटं इकडून तिकडून घालून बघितली, मनगट वळवून बघितलं, आणि न मारताच परत ठेवलं. म्हणाला, "ह्याच्यात माझा हातच जात नाहीये."

मी त्या दिवशी पहिली सिरीज ९३ मारली. दुसरी ८६, कारण ९३ डोक्यात गेली होती.